नातवाच्या पोटऱ्या

पिराजी वस्तादांनी पोराची पोटरी दाबून मान हलवली की ते पोरगं पैलवान होणार, आणि हात झटकला की बापानं त्याला सरळ आयटीआयला घालावं, असा पेठेत दंडकच पडून गेला होता. दसरा झाला की तालमीच्या दारात आईबाप पोरांना घेऊन उभे राहायचे. वस्ताद पोराचं नाव विचारायचे नाहीत, वय विचारायचे नाहीत. चड्डी वर करायला लावायची, अंगठा आणि बोटं पोटरीत रुतवायची आणि डोळे मिटायचे. डॉक्टर तरी छातीला नळी लावून दोन प्रश्न विचारतो. वस्तादांना तेवढीही गरज वाटत नसे.

त्यांचा अंदाज कधी चुकला, असं सांगणारा माणूस भेटायचा नाही. भेटणार कुठून? ज्यांना वस्तादांनी नकार दिला ती पोरं पुन्हा लंगोट बांधायचीच नाहीत, मग चूक दिसणार कशी? स्वतःच्या पोरालासुद्धा, विश्वजितला, त्यांनी असाच हात झटकून बाद केला होता. ‘ह्यात दम न्हाय.’ विश्वजित पुढं शिरोलीच्या एका फाउंड्रीत लागला, दिवसभर भट्टीसमोर उभा राहून अवजड साचे उचलू लागला, पण बापाच्या लेखी त्याच्या अंगात दम नव्हता तो नव्हताच.

म्हणून नातू चालायला लागला तसे वस्ताद त्याच्या तोंडाकडं कमी आणि पायांकडंच जास्त बघायचे. सम्राट पाच वर्षांचा झाला आणि त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या की शेजारच्या बायका म्हणाल्या, पोराची दृष्ट काढा. वस्तादांनी दाबून बघितलं. दगड. पुन्हा दाबलं, पुन्हा दगड. त्या दिवशी तालमीत पेढे वाटले गेले. मग तो एक खेळच झाला. घरी आलेला सोयरा असो नाहीतर सिलिंडर घेऊन आलेला माणूस, वस्ताद नातवाला पुढं ओढायचे, त्याची चड्डी वर करायचे आणि म्हणायचे, “दाबा की पावणं. लाजताय काय?” पावणं दाबायचे आणि ‘आयला, खरंच की’ म्हणायचे. सम्राट शहाण्यासारखा उभा राहायचा.

त्या पोटऱ्या बघून हसत नव्हतं असं घरात एकच माणूस होतं, ते म्हणजे सून क्रांती. ती एका ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. पोरगं जिना चढताना कठड्याला लोंबतं, हे तिनं बघितलं होतं. खाली बसलेलं पोरगं उठताना आधी ओणवं होतं, मग गुडघ्यांवर हात टेकतं, मग मांड्यांवर, आणि स्वतःच्याच अंगावर चढत चढत उभं राहतं, हेही बघितलं होतं.

“मामा, ह्याला एकदा डॉक्टरला दाखवूया,” ती म्हणाली.

“कशाला? पोटऱ्या बघितल्यास का त्येच्या? माझ्या उमेदीत माझ्या न्हवत्या असल्या.”

“पोटऱ्या अशा आहेत म्हणूनच म्हणते.”

वस्तादांना हसू आवरेना. “बारावीच्या पोरांस्नी शिकीव जा तुझं. पैलवान कळायला माती अंगाला लागाय लागती.”

विश्वजित भाकरी खात होता, तो खातच राहिला. त्या घरात गप्प बसायची सवय त्याला लहानपणापासून होती.

सातव्या वर्षी सम्राट हौद्यात उतरला. तालमीतला हा मातीचा हौदा म्हणजे वस्तादांचं देवघर. तांबड्या मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालून ते स्वतः ती कालवायचे, आणि नव्या पोराला तिच्यात उतरवण्याआधी एकच गोष्ट सांगायचे. “चितपट झालास तर चालंल. धा येळा हो. पर नुरा केलीस तर परत ह्या हौद्यात पाय ठेवायचा न्हाय.” नुरा म्हणजे आतून ठरवून केलेली कुस्ती, कोण पडणार ते शड्डू ठोकायच्या आधीच ठरलेलं. ऐन जवानीत एका मोठ्या मैदानात वस्तादांना कुणीतरी कानात सांगितलं होतं की आज तुम्ही पडा, पुढच्या वेळी तो पडेल. वस्ताद लांग सोडून, कपडे घालून, तसेच एसटीत बसून घरी आले होते. ही हकिकत तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ होती. सम्राटला तर ती दुधाबरोबरच पाजली होती.

बैठका मारताना सम्राट मांडीला हात लावून उठायचा. तालमीत अशा पोराला अंगचोर म्हणतात, आणि अंगचोरावर वस्तादांकडं एक जुना उपाय होता. पोराचे हात पाठीमागं नेऊन लंगोटाच्या पट्टीनं बांधायचे. मग उठायचं तर पायांवरच उठावं लागतं. वस्तादांचे हात त्यांच्या वस्तादांनी असेच बांधले होते आणि त्यात त्यांचं भलंच झालं होतं. त्यांनी सम्राटचे हात बांधले. पोरगं दोनदा थरथरत उठलं आणि तिसऱ्या वेळी तोंडावर मातीत पडलं. रडलं नाही. तोंडातली माती थुंकून म्हणालं, “आबा, पाय ऐकंनात.”

“ऐकंनात म्हंजे? तुझंच हायती नव्हं? सांग त्यांस्नी.”

पोरं खदखदून हसली. वस्तादही हसले, आणि पट्टी न सोडता म्हणाले, “ऊठ.” हे रोजचं झालं.

म्हाताऱ्याचा जीव नव्हता नातवावर, असं मात्र म्हणायची सोय नाही. रोज सकाळी तेल कोमट करून तेच त्याचे पाय चोळायचे. थंडाईचे बदाम स्वतः सोलायचे. पोरगं झोपलं की त्याच्या पोटरीवर हात ठेवून बसायचे. हाताला दगड लागला की त्यांना शांत वाटायचं. ज्याच्यावर जीव आहे त्यालाच माणूस अधिक ठामपणे मारतो, आणि वर प्रेमाचं नाव सांगतो.

पुढच्या वर्षी शाळेच्या पायऱ्यांवर सम्राटचे पाय मुडपले आणि तो गडगडत खाली आला. क्रांतीनं कुणाला विचारलं नाही. रजा टाकली आणि पोराला घेऊन मिरजेला गेली. तिथं रक्त तपासलं. स्नायू फाटले की आतलं जे रक्तात उतरतं, त्याचा आकडा इतका मोठा आला की डॉक्टरनं तपासणी पुन्हा करायला लावली. मग आणखी रक्त लांब पाठवलं, महिनाभर वाट बघितली, आणि आजाराचं नाव आलं. क्रांतीनं ते घरात कधी उच्चारलं नाही.

ती दुपारी तालमीत आली. तालमीच्या कट्ट्यावर सून पहिल्यांदाच बसली. आत कुणी नव्हतं. वस्ताद फावड्यानं माती उकरत होते.

“मामा, बसा जरा. स्नायू कसा ओढतो ते सांगते.”

वस्ताद बसले. सुनेच्या आवाजात असं काही होतं की नाही म्हणता येईना.

“स्नायूत धाग्यांची जुडगी असतात. एक जाड धागा, एक बारीक.” तिनं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवली. “जाड धाग्याला मुंड्या असतात. मुंडी बारीक धाग्याला पकड घालते, वाकते, त्याला ओढते, सोडते, आणि पुढं जाऊन परत पकडते. विहिरीचा दोर आपण हातावर हात टाकत ओढतो तसं. अशा लाखो मुंड्या ओढतात तेव्हा एक बैठक निघते.”

“म्हंजे आत बी कुस्तीच की,” वस्ताद म्हणाले. त्यांना हे आवडलं होतं.

“कुस्तीच. फक्त उलटी. तिथं पकड सोडायला ताकद लागते. माणूस मेला की ती ताकद संपते, मुंड्या धरल्या जागी राहतात, म्हणून मढं ताठतं.”

वस्तादांनी आजवर कितीतरी मढ्यांना खांदा दिला होता. त्यांनी पोटरी दाबल्यावर हलवायचे तशी मान हलवली. “मग आमच्या गड्यात काय कमी हाय? धागं न्हाईत?”

“धागे आहेत. पकड आहे. पण एवढी ओढ पेशीच्या कातडीला सोसायला पाहिजे ना? त्यासाठी बारीक धाग्यापासून कातडीपर्यंत आतून एक दोरी बांधलेली असते, धाग्यांसारखी तीपण प्रोटीनचीच. सम्राटच्या अंगात ती दोरी तयारच होत नाही. त्यामुळं धागे ओढतात आणि कातडी फाटते. शरीर शिवतं, परत फाटतं. एक दिवस शिवायचं थांबतं. मांस मरतं आणि त्या जागी चरबी आणि चिवट जाळं भरतं.”

“कुठं भरतंय?”

“आधी पोटऱ्यांत.”

वस्तादांनी आपल्या अंगठ्याकडं बघितलं. तो मातीनं तांबडा झाला होता.

“फाटतंय कवा जास्ती?” त्यांनी विचारलं. विचारायला नको होतं, पण पैलवान माणूस, अर्धवट ऐकून राहवेना.

“अंगाचा भार घेऊन खाली बसताना. स्नायू ओढतही असतो आणि ताणलाही जात असतो, तेव्हा.”

खाली बसायचं आणि उठायचं, याला तालमीत काय म्हणतात ते वस्तादांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी फावडं उगाच या हातातून त्या हातात घेतलं. मग कोंडीत सापडलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं.

“ह्ये येतंय कुठनं?”

“बहुतेक वेळा आईकडून.”

“मग तुझ्याकडनंच आलं की.”

एवढं बोलून त्यांना बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, छातीवरचा कुणीतरी उतरल्यागत. ते सुख काही फार टिकलं नाही.

“आलं असेल,” क्रांती उठत म्हणाली. “बैठका माझ्याकडनं नाही आल्या, मामा.”

पुढं विश्वजितनं बापाला समजावलं. डॉक्टर म्हणाले आहेत, बैठका मारल्या नसत्या तरी पाय जाणारच होते, बैठकांमुळं फार तर थोडे लवकर जातील. आयुष्यात पहिल्यांदा पोरगा बापाची समजूत घालत होता. वस्तादांनी त्यातला ‘लवकर’ तेवढा ठेवून घेतला आणि बाकीचं ऐकलंच नाही.

सम्राटची तालीम बंद झाली. गोळ्या सुरू झाल्या, त्यांनी सम्राटचं तोंड फुगलं. वस्ताद आता पाय चोळायचे नाहीत, आणि पावण्यांना दाबा म्हणायचे नाहीत. पोराला यातलं काय सांगितलं होतं? एवढंच, की पाय आजारी आहेत. त्याला एकाच गोष्टीची काळजी होती. गडहिंग्लजकडच्या एका गावच्या यात्रेत मोठ्या कुस्त्यांआधी लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्या लागतात. वस्तादांची स्वतःची पहिली कुस्ती तिथंच झाली होती आणि यंदा तुझी लावतो, असा शब्द त्यांनी नातवाला दिला होता. बरोबरीची सगळी पोरं निघाली होती. सम्राटनं चार दिवस ताटातली भाकरी नुसती कुस्करली आणि मग आईबापाला सोडून आजोबाला विचारलं, “आबा, माझी कुस्ती?”

वस्ताद स्वयंपाकघराच्या दारात गेले. सुनेची परवानगी मागायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, त्यामुळं सुरुवात कशी करायची तेच कळेना. क्रांती भाकरी थापत होती.

“एकदाच,” ते म्हणाले. “नारळावरची. नुसता हुबा ऱ्हाईल. परत न्हाय मागनार.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं. “त्याला जोर लावावा लागणार नाही, अशी कुस्ती असते का मामा? असली तर न्या.”

एवढी वर्षं पैलवानाच्या घरात राहिलेली बाई. अशा कुस्तीला काय म्हणतात ते तिला माहीत नव्हतं, असं कोण म्हणेल? तिनं ते नाव घेतलं नाही आणि वस्तादांनीही घेतलं नाही.

त्यांनी फोन लावला तो जोतीरामला. जोतीराम त्या गावचा वस्ताद, एकेकाळी दोघे एकाच हौद्यात घुमलेले. वस्तादांनी काय हवं ते सांगितलं.

“वस्ताद,” जोतीराम म्हणाला, “तुमी म्हनताय ह्ये?”

“व्हय. म्याच.”

“बरं. माझ्या भावाचा नातू हाय. सांगतो त्येला.”

यात्रेच्या दिवशी हलगी कडाडत होती. वस्तादांच्या डोक्याला गुलाबी पटका बांधला होता, गावकऱ्यांनी त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली होती. विश्वजितनं सम्राटला उचलून मैदानात ठेवलं. लंगोट बांधलेला, तांबडी माती फासलेला तो पोरगा लांबून असा दिसत होता की कुणीही मान हलवावी. “पोटऱ्या बघा की लेकाच्या,” मागून कुणीतरी म्हणालं. वस्तादांनी मागं वळून बघितलं नाही. क्रांती बायकांच्या बाजूला उभी होती. तिनं पोराला घरातूनच बजावलं होतं, ओढायचं नाही, नुसतं धरायचं.

जोतीरामच्या भावाचा नातू काटक अंगाचा, चुणचुणीत होता. हात मिळवले, शड्डू ठोकले. सम्राटनं वाकून त्याचा पाय धरला. नुसता धरला. तसं ते पोरगं गर्रकन फिरलं, पाठीवर पडलं, दोन्ही खांदे मातीला लावून जोतीरामकडं बघत राहिलं. हलगी वाजली. लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडला, पिराजी वस्तादांच्या नातवानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच अस्मान दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सम्राट मातीत गुडघ्यांवर होता आणि आपल्या हातांकडं बघत होता. मग तो उठायला लागला. आधी ओणवा झाला. मग गुडघ्यांवर हात. मग मांड्यांवर. टाळ्या हळूहळू थांबल्या. पोरांच्या घोळक्यातून कुणीतरी हसलं. हरलेल्या पोरानं जिंकलेल्याला हात देऊन उभं केलं. सम्राटचे हात ज्यांनी बांधले होते ते खुर्चीत ताठ बसून राहिले. नंतर माणसं येऊन त्यांच्या पाया पडली, आणि त्यांनी पडू दिलं. सम्राट जीपमध्ये नारळ मांडीवर घेऊन बसला आणि कोल्हापूर येईपर्यंत बोलला नाही. दमलाय, असं सगळ्यांनी ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तादांनी त्याला हाताला धरून तालमीत आणलं. नारळ तालमीतल्या मारुतीपुढं फोडायचा होता. शिवाय त्यांच्या मनात एक बेत शिजला होता. पाय जाऊ देत, डोळे तर आहेत. पोरगं रोज हौद्याच्या काठावर बसेल, डाव बघेल, चुका सांगेल. पैलवान नाही तर वस्ताद होईल. एवढ्या विचारानं त्यांना रात्री बऱ्याच महिन्यांनी झोप लागली होती. दारात त्यांनी वहाणा काढल्या आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. सम्राट बाहेरच थांबला.

“चल की.”

“नगं.”

“का रं? पाय दुखत्यात?”

“न्हाय.” त्यानं नारळ पोटाशी धरला. “म्या ओढलंच न्हवतं, आबा. आई म्हनली हुती, ओढू नगंस. म्या नुसता पाय धरला. त्यो आपनच पडला.”

“पकड बसली तुझी, लेका. तुला कळलं नसंल.”

“माझी पकड बसतच न्हाय,” सम्राट म्हणाला. तो तक्रार करत नव्हता, आपल्याला माहीत असलेली गोष्ट सांगत होता. “नुरा झाली ती. नुरा केल्यावर हौद्यात जायचं नसतंय. तुमीच सांगितलंय.”

वस्तादांनी आत टाकलेला पाय बाहेर घेतला आणि पायरीवर बसले. पोरानं सगळा दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. तो त्याच्या अंगावर राहू देणं सोपं होतं. आजवर त्यांनी तेच केलं होतं, आधी पोराच्या अंगचोरीवर, मग सुनेच्या माहेरावर. आता मात्र त्यांना ते जमेना. ते म्हणाले, “तू न्हाय केलीस रं. म्या केली. जोतीरामाला म्याच सांगितलतं फोनवर. तुझा कायबी गुन्हा न्हाय.”

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता पोरगं कुशीत शिरेल, रडेल, आणि मग दोघं मिळून आत जाऊ. त्यांनी हातही पुढं केला. सम्राटनं त्या हाताकडं बघितलं, मग दारातून आत बघितलं. आत पोरं जोर मारत होती, त्यांच्या हुंकारांचा आवाज दारापर्यंत येत होता.

“मग तुमीबी जाऊ नगा,” तो म्हणाला.

तो रागावला नव्हता. जे पाठ करवलं होतं तेच त्यानं म्हणून दाखवलं होतं. वस्तादांनी वहाणा पुढं ओढल्या आणि परत पायात घातल्या.